मनालीची भाड्याची गाडी आणि कोरडी क्लच प्लेट

मनालीत भाड्याने घेतलेल्या दोन रॉयल एनफिल्ड हिमालयन मोटरसायकली परत करताना नाशिकच्या चौघांकडून १८,५०० रुपये काढून घेतले. त्यातले साडेनऊ हजार अशा क्लच प्लेटसाठी, जी त्यांच्या गाडीतली नव्हतीच. लांबच्या बाइक टूर आखून देणाऱ्या आमच्या गटाकडे हे चौघे परत आल्यावर कागद, फोटो आणि पावत्या घेऊन आले. दुकानाचं नाव इथे देत नाही, कारण ही पद्धत एका दुकानाची नाही. ती कशी चालते आणि कुठे अडवता येते, एवढंच तपशिलात लिहितो.

मनाली ते लेह हा रस्ता महाराष्ट्रातल्या बाइकवाल्यांचं जुनं स्वप्न आहे. कुलूहून लाहौलमार्गे लडाख आणि पुढे यारकंदला जाणाऱ्या व्यापारी तांड्यांची ही वाट. आज अटल बोगद्यामुळे (९.०२ किलोमीटर, ऑक्टोबर २०२० पासून खुला) रोहतांग खिंड न चढता थेट लाहौलमध्ये उतरता येतं. पुढे तांदीला चंद्रा आणि भागा नद्यांचा संगम, मग केलाँग, जिस्पा, दारचा, बारालाचा ला ('ला' म्हणजे खिंड), सरचू, गाटा लूप्सची एकवीस वळणं, लाचुंग ला, पांग, मोरे मैदान आणि ५,३०० मीटरच्या वरचा तांगलांग ला. नाशिक-पुण्याहून स्वतःची गाडी चालवत न्यायची तर जाऊन-येऊन आठवडा नुसत्या हायवेवर जातो. म्हणून बरेच जण मनालीत गाडी भाड्याने घेतात, आणि फसवणूक तिथेच होते.

या चौघांना गाड्या रात्री आठ वाजता मिळाल्या. दुकानासमोर एकच पिवळा दिवा. सकाळी साडेपाचला निघायचं होतं, त्यामुळे सगळ्यांनाच घाई. भाडं रोजचे १,८०० रुपये, नऊ दिवस. प्रत्येक गाडीमागे १०,००० रुपये डिपॉझिट, रोख. शिवाय चालवणाऱ्या दोघांची मूळ लायसन्स ठेवून घेतली. इंग्रजीत दोन पानी करारनामा होता आणि त्यात गाडीची अवस्था लिहायच्या तक्त्यात सगळीकडे आधीच 'ओके' टिकमार्क केलेलं होतं. मालक म्हणाला, "सरजी, गाडी एकदम टॉप है, आप बस साइन करो." डिलिव्हरी तीन-चार मिनिटांत उरकली. पुढच्या साडेअठरा हजारांची सोय त्या तीन-चार मिनिटांत झाली होती.

नवव्या दिवशी दुपारी तीनला गाड्या परत केल्या, दिल्लीची बस पाचला. दुकानातल्या मुलाने त्यांना चहा प्यायला पाठवलं, "गाडी चेक करते हैं." वीस मिनिटांनी परत आले तर वर्तमानपत्रावर एक काळी पडलेली क्लच प्लेट ठेवलेली. क्लच जाळला म्हणून प्लेटसेट आणि मजुरी ९,५००. पुढची रिम आऊट, म्हणजे वाकडी, ६,८००. लेगगार्ड वाकडा, २,२००. त्या गाडीचं डिपॉझिट गेलंच, वर साडेआठ हजार मागितले. लायसन्स त्यांच्याकडे, बस सुटायच्या बेतात. चौघांनी फोनवरून पैसे पाठवले.

त्यातल्या एकाने मात्र त्या प्लेटचा फोटो काढला होता. फोटो मोठा करून पाहिला की दिसतं, प्लेट ठणठणीत कोरडी आहे, कडेला बारीक धूळ बसलेली आहे आणि खालच्या कागदावर तेलाचा एक डागही नाही.

हिमालयन ४११ चा क्लच 'वेट' प्रकारचा आहे, म्हणजे प्लेट सतत इंजिन ऑइलमध्ये भिजलेल्या असतात. तासाभरापूर्वी चालवत आणलेल्या गाडीतून प्लेट काढली तर ती गरम असते, तिच्यातून तेल ठिबकतं आणि वर्तमानपत्र पाच मिनिटांत ओलं होतं. शिवाय ती काढायला आधी ऑइल रिकामं करायचं, कव्हरचे सगळे बोल्ट खोलायचे, गास्केट सोडवायचं, क्लच स्प्रिंग काढायच्या. चांगल्या मेकॅनिकलाही त्याला बराच वेळ लागतो, आणि खाली ऑइलचा ट्रे हवाच. वीस मिनिटांत, ट्रे नाही, गाडी साइड स्टँडवर जिथल्या तिथे, कव्हरच्या बोल्टवरची बारालाच्याची माती शाबूत. प्लेट टेबलाखालच्या खोक्यातली होती. तीच प्लेट त्या मोसमात आणखी किती जणांना दाखवली असेल कोण जाणे.

या रस्त्यावर क्लच खरोखर जळतात, म्हणूनच हा डाव चालतो. पाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्म्याहून थोडा जास्त असतो. इंजिनला हवा कमी, म्हणून ताकद कमी. मागे माणूस, दोन्ही बाजूंना सामान, आणि चालवणारा घाटात दुसऱ्या गिअरमध्ये अर्धा क्लच दाबून गाडी ओढत राहतो. नाल्याच्या पाण्यात, चिखलात तर हमखास. प्लेट घसरत राहतात, तापतात, अस्तर काळं पडतं आणि स्टीलच्या प्लेटवर निळसर झाक येते. उपाय साधा आहे. पहिला गिअर टाका, लिव्हर पूर्ण सोडा आणि वेग फक्त अ‍ॅक्सिलरेटरने सांभाळा. अडखळली तर थांबा, पुन्हा निघा. पण क्लच जळलेला आहे की नाही हे गाडी न खोलता कळतं. सपाट रस्त्यावर तिसऱ्या-चौथ्या गिअरला ताशी चाळीसच्या आसपास असताना अ‍ॅक्सिलरेटर झटकन पिळा. इंजिनचा आवाज चढला आणि वेग वाढला नाही, तर क्लच घसरतोय. आवाज आणि वेग बरोबर चढले तर क्लच ठीक आहे. गाडी घेताना ही चाचणी करा आणि परत देताना दुकानाच्या माणसाला मागे बसवून पुन्हा करा. जळला म्हणालेच, तर कव्हर आपल्यासमोर उघडायला सांगा.

रिमचं प्रकरण जरा अवघड आहे, कारण तिथे खोटं चटकन पकडता येत नाही. हिमालयनचं पुढचं चाक एकवीस इंची, तारांचं. खड्ड्यात आदळून त्याला आऊट येतो, आणि भाड्याच्या गाड्यांना तो बहुतेक वेळा आधीच असतो. गाडी मेन स्टँडवर घ्या, मागे एकाने दाबून पुढचं चाक उचला, फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांच्या) पायाला टेकवून एक पेन रिमच्या कडेपासून केसभर अंतरावर धरा आणि चाक फिरवा. पेन आणि रिममधली फट कमी-जास्त होते, तोच आऊट. दोन मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो. जास्त असेल तर दुसरी गाडी मागा किंवा करारावर लिहून घ्या. बारीक आऊट तारा कसून निघतो, त्यासाठी नवी रिम लागत नाही, आणि तेवढ्या कामाचे ६,८०० रुपये कुठलाच तारवाला घेत नाही.

चेन आणि स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) तपासायला इतका वेळ लागत नाही. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटाने बाहेर ओढा. अर्धा दात उघडा पडला किंवा दात आकड्यासारखे वाकलेले दिसले, तर चेन संपलेली आहे आणि ती तुमच्या अंगावर घालायला ठेवलेली आहे. फोर्कच्या पाइपावर तेलाचा ओघळ असेल तर ऑइल सील गेलं. ब्रेक पॅडवरची खाच दिसते का बघा, टायरची बाजू चिरलेली नाही ना बघा.

यापेक्षा महत्त्वाचं आहे ते नंबर प्लेटकडे बघणं, आणि तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. स्वतः चालवायला भाड्याने द्यायच्या वाहनाची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. आरसीवर वाहनाचा वर्ग भाड्याच्या वापराचा लिहिलेला असतो. एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला की वर्ग, विमा, पीयूसीची मुदत सगळं दोन मिनिटांत दिसतं. पांढऱ्या पाटीची गाडी कुणी 'दोस्त की गाडी है' म्हणून देत असेल तर हात जोडा. खासगी नोंदणीची गाडी भाड्याने चालवणं हा विम्याच्या अटींचा भंग आहे. अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते, आणि घाटात समोरच्या माणसाला इजा झाली असेल तर भरपाईचं ओझं तुमच्या घरावर येऊ शकतं. साडेअठरा हजार त्यापुढे काहीच नाहीत. 'फुल इन्शुरन्स' शब्दावरही विसंबू नका, पॉलिसी उघडून बघा. बऱ्याचदा ती फक्त थर्ड पार्टी निघते, म्हणजे गाडीच्या नुकसानीचा रुपयाही त्यातून मिळत नाही.

या चौघांना दुसरा फटका लेहमध्ये बसला. मनालीत विचारलं होतं, लेहच्या पुढे नुब्रा खोरं आणि पँगाँग तलावाला ही गाडी चालेल का. उत्तर मिळालं, "कहीं भी जाओ." पण लडाखबाहेर भाड्याने घेतलेली गाडी लेहपर्यंत आणता येते, तिथून आसपास फिरवू दिली जात नाही. स्थानिक भाडेवाल्यांच्या संघटनेची माणसं खारदुंग ला आणि पँगाँगच्या वाटेवर गाड्या अडवतात आणि परत पाठवतात. शेवटी त्यांनी लेहमध्ये तीन दिवसांसाठी वेगळ्या गाड्या घेतल्या. मनालीच्या दोन गाड्या गेस्टहाउसच्या अंगणात उभ्या, त्यांचं भाडं चालूच. तीन दिवस, दोन गाड्या, १०,८०० रुपये नुसते उभ्या गाडीचे. नुब्रा-पँगाँग करायचं असेल तर एक तर स्वतःच्या नावावरची गाडी न्या, किंवा विमानाने लेहला उतरून, दोन दिवस हवेची सवय करून, तिथलीच गाडी घ्या. मनाली-लेह रस्ताच हवा असेल तर मनालीची गाडी फक्त जाण्या-येण्यापुरती धरा आणि लेहमधल्या दिवसांचं भाडं कमी करून आधीच लेखी ठरवा.

तांदीच्या पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचा फलक प्रसिद्ध आहे. त्याचा धाक घालून दुकानवाले चार-चार कॅन आणि त्यांच्या जाळ्या भाड्याने गळ्यात मारतात. हिमालयन ४११ ची टाकी १५ लिटरची आहे. तांदीला काठोकाठ भरली आणि घाटात लिटरला पंचवीसच धरले तरी पावणेचारशे किलोमीटर होतात. गाडीमागे पाच लिटरचा एक कॅन पुरतो. अटल बोगद्यातून जायला रोहतांगची परवानगी लागत नाही, तेव्हा 'परमिट करवा देंगे' म्हणून मागितलेले पैसेही देऊ नका.

डिलिव्हरी नेहमी दिवसाउजेडी घ्या, निघायच्या आदल्या दुपारी. घरून निघण्याआधीच दुकानाला तसं कळवा, नकार दिला तर दुसरं दुकान बघा. दहा मिनिटांचा एकच सलग व्हिडिओ काढा, मध्ये न थांबवता. सुरुवात नंबर प्लेट आणि मीटरच्या आकड्याने. मग डावी बाजू, लेगगार्ड, सायलेन्सर, उजवी बाजू, टाकीवरचे पोचे, आरसे, फिरतं पुढचं चाक पेन धरून, ओढलेली चेन, फोर्क. दुकानाच्या माणसाचा आवाज व्हिडिओत येऊ द्या, त्यालाच विचारा, "हा पोचा आधीचा ना?" व्हिडिओ तिथेच मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, म्हणजे वेळ आणि तारीख त्याच्याही फोनवर राहते. बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, म्हणून गटात निदान दोघांकडे पोस्टपेड हवं, वाटेत बिघाड झाला तर तेव्हाच मालकाला फोटो पाठवता येतो.

डिपॉझिट रोख देऊ नका. यूपीआयने द्या, शेऱ्यात गाडीचा नंबर आणि 'डिपॉझिट' लिहा, आणि पैसे दुकानाच्या नावावर जातायत की भलत्याच माणसाच्या, ते पाठवण्याआधी वाचा. मूळ लायसन्स कुणालाही ठेवू देऊ नका, ते चालवणाऱ्याजवळच लागतं. झेरॉक्स द्या. करारावर एक ओळ हाताने लिहून सही घ्या: घासून झिजणारे भाग, म्हणजे क्लच प्लेट, चेन-स्प्रॉकेट, ब्रेक पॅड, टायर, यांचा खर्च तपासणीशिवाय लावायचा नाही, आणि नुकसानीची रक्कम अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या अंदाजपत्रकाप्रमाणे. ही ओळ लिहायला जो मालक तयार होत नाही, त्याचा हेतू तिथेच कळतो. परतीच्या दिवशी गाडी सकाळी द्या आणि बस रात्रीची ठेवा.

घरबसल्या आगाऊ बुकिंगचे पैसे घेऊन गायब होणारेही आहेत. तसं झालं तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, तक्रार नोंदवा, जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात.

नाशिकच्या चौघांनी घरी आल्यावर ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार केली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे दावा आपल्या राहत्या जिल्ह्यातल्या आयोगात करता येतो, त्यासाठी मनालीला जावं लागत नाही. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. त्यांनी मालकाला नोटीस पाठवली, सोबत कोरड्या प्लेटचा फोटो, बोल्टवरच्या मातीचा फोटो, आणि प्लेट वीस मिनिटांत कशी काढली याचा एकच प्रश्न. तीन आठवड्यांनी क्लचचे ९,५०० रुपये परत आले. रिमचे आणि लेगगार्डचे आले नाहीत. रात्री आठच्या पिवळ्या दिव्यात त्या चाकाचा आणि त्या गार्डचा व्हिडिओ कुणीच काढला नव्हता, आणि करारावर 'ओके' खाली सही त्यांचीच होती.