विद्यापीठासाठी 'कर्मचारी स्नेहदिना'चं तयार पॅकेज: काय चांगलं, काय बदलून घ्यावं

नाशिकमध्ये विद्यापीठांना आणि मोठ्या कॉलेजांना कर्मचारी स्नेहदिन आयता करून देणारे आयोजक आहेत. मंडप, स्टेज, साउंड, जेवण, सांकेतिक भाषेचा दुभाषी आणि 'विविधतेत एकता' असा तीन तासांचा कार्यक्रम, सगळं एकाच दरात. ३०० माणसांसाठी घेतलेल्या अशा एका पॅकेजचं हे परीक्षण. आयोजकाचं नाव देत नाही. पाचपैकी तीन गुण, तेही जेवणाच्या जोरावर.

आधी जेवण. एरवी पनीर-जिरा राइसवर वेळ मारून नेली जाते. इथे नागलीची (नाचणीची) भाकरी, उडदाची आमटी आणि ठेचा असा वेगळा काउंटर होता. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक या आदिवासी तालुक्यांकडून नोकरीला आलेल्या कर्मचाऱ्यांचं हे घरचं जेवण, त्यामुळे गर्दी तिथेच होणार होती. भाकऱ्या थापायला बचत गटातल्या महिला होत्या, पण पीठ केटररच्या पोरांनी सकाळीच गार पाण्यात भिजवून ठेवलेलं. नागलीला गव्हासारखा चिकटपणा नसतो. पीठ कढत पाण्यात मळून लगेच थापलं तरच भाकरी एकसंध राहते. नाही तर कडा फाटतात आणि तव्यावर टाकताना तुकडा पडतो. इथे तेच झालं. त्या महिलांनी ते पीठ बाजूला सारून पाणी उकळायला ठेवलं आणि नव्याने मळलं. पुढच्या भाकऱ्या टम्म फुगल्या, पण त्यात पाऊण तास गेला.

दुसरी चूक हिशेबाची. एका तव्यावर तासाला तीसेक भाकऱ्या होतात. दोन तव्यांवर दोन तासांत १२०, आणि रांगेत माणसं त्याच्या दुप्पट. चार तवे मागा आणि पंगतीच्या तासभर आधी सुरुवात करायला लावा. भाकऱ्या बंद डब्यात भरू देऊ नका, वाफेने खालच्या भिजतात. टोपलीत सुती फडक्यात ठेवाव्यात. बिनकांदा-लसणाचा काउंटर वेगळा होता, पण पळी एकच इकडून तिकडे फिरत होती. जे पाळतात त्यांच्या दृष्टीने असा काउंटर असून नसल्यासारखाच.

रॅम्पला मात्र गुणच देता येत नाहीत. चाकाच्या खुर्चीला १ फूट चढायला १२ फूट लांबीचा उतार लागतो. स्टेज २ फूट उंच, म्हणजे रॅम्प २४ फुटांचा हवा. आणलेला ८ फुटांचा होता, त्यावर सैल कार्पेट. खुर्चीची पुढची लहान चाकं कार्पेटच्या घडीत अडकतात आणि एवढ्या चढावर खुर्ची मागे कलंडायची भीती असते. सत्कारासाठी माणसाला खुर्चीसकट चौघांनी उचलून वर न्यायचं, हा सत्कार नव्हे. सोपा उपाय म्हणजे ६ इंचांचंच स्टेज घ्यायचं. मग ६ फुटांत काम होतं. कार्पेट अंथरायचंच नाही.

दुभाषी चांगली होती, पण एकटीच. सलग तीन तास हात आणि डोकं चालत नाही. दोघं हवेत, दर वीस मिनिटांनी आलटून पालटून. तिला उभं केलं एलईडी पडद्यासमोर, त्यामुळे हात काळे दिसत होते. तिच्यावर समोरून वेगळा दिवा हवा आणि भाषणं-गाणी आदल्या दिवशी लिहून तिच्या हातात पडायला हवीत.

करमणुकीचा भाग सर्वांत कच्चा. भाड्याच्या पोशाखात 'आदिवासी नृत्य', मागे सिनेमाचं गाणं. आणि ज्यांच्या घरी तारपा हे फुंकून वाजवायचं आदिवासी वाद्य वाजतं, ते कर्मचारी प्रेक्षकांत! तारप्याचा नाच वादकाभोवती फेर धरून होतो, तारप्याला पाठ करत नाहीत. त्याला स्टेज नको, मोकळं मैदान हवं. कर्मचाऱ्यांना महिनाभर आधी विचारलं तर नाचणारे विद्यापीठातच सापडतात. प्रश्नमंजूषाही दुसऱ्या शहरातून उचललेली. २ मार्च १९३० चा काळाराम मंदिर सत्याग्रह, त्यात पुढे असलेले दादासाहेब गायकवाड, १३ ऑक्टोबर १९३५ ची डॉ. आंबेडकरांची येवल्यातली धर्मांतराची घोषणा, यांतला एकही प्रश्न नाशिकच्या कार्यक्रमात असू नये, याचा राग येतो.

तारीख ठरवताना रमजान, चैत्रातली सप्तशृंगीची यात्रा आणि निवृत्तिनाथांची पौष यात्रा टाळा. ऐन द्राक्षकाढणीतही निम्मी माणसं शेतावर असतात.

सगळ्यात गंभीर गोष्ट वेळेची. कार्यक्रम ११ ते २. सकाळी ७ ते ३ पाळीचे रखवालदार गेटवर, रात्रपाळीचे झोपेत. नावनोंदणी इंग्रजी फॉर्मवर, ईमेलने. कंत्राटी सफाई कामगारांना विद्यापीठाचा ईमेलच नसतो. ३०० ताटांच्या हिशेबात ही माणसं धरलेलीच नव्हती, आणि मंडप झाडायला मात्र त्यांनाच बोलावलं. नोंदणीचा मराठी कागद हजेरीच्या टेबलावर ठेवा. करारात दोन पंगती लिहून घ्या: एक साडेबाराची, दुसरी सव्वातीनची. दुसऱ्या पंगतीसाठी पीठ कोरडंच राखून ठेवायचं आणि एक तवा साडेचारपर्यंत पेटता ठेवायचा. आयोजक याचे जादा पैसे मागतो. ते द्यावेत, हवं तर एलईडी पडदा रद्द करून.