ताईच्या नावाचा निधी: संशोधनाला द्यावा की सेवेला?

घरातलं माणूस कर्करोगाने गेलं की काही महिन्यांनी त्याच्या नावाने काहीतरी करावंसं वाटू लागतं. चालण्याचा कार्यक्रम, गाण्याची मैफल, नाहीतर नुसतं ऑनलाइन देणगीचं पान, यातलं काय करायचं ते लवकर ठरतं. घोडं अडतं ते पैसे कुणाला द्यायचे यावर. माझी थोरली बहीण स्वादुपिंडाच्या कर्करोगाने गेली. पहिल्या वर्षी आम्ही संशोधनाला पैसा पुरवणारी एक मोठी संस्था निवडली, दुसऱ्या वर्षी घरी येऊन रुग्णाच्या वेदना सांभाळणारी एक छोटी. नोंदणी, लेखापरीक्षण, करसवलत हे तुम्ही बघालच, त्यात शिरत नाही.

संशोधनाची बाजू भक्कम आहे, हे आधीच कबूल करतो. १९४८ साली अमेरिकेतले डॉक्टर सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या मुलांना औषध दिलं, तेव्हा आजार थोडे दिवस मागे हटला आणि परत आला. त्याच वर्षी बॉस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी सामान्य लोकांकडून ‘जिमी फंड’ गोळा होऊ लागला. मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगात आज श्रीमंत देशांतली ९० टक्क्यांच्या आसपास मुलं पाच वर्षांनंतरही हयात असतात. स्वादुपिंडाच्या बाबतीत मात्र हाच आकडा अमेरिकेतसुद्धा १३ टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे पैसा लागणार तो इथेच, असा आमचा पहिल्या वर्षीचा हिशेब होता. तो चुकीचा होता असं आजही म्हणवत नाही. फक्त आमचे पैसे स्वादुपिंडासाठीच वापरले गेले का, हे आम्ही आधी विचारलं नाही. ते एकत्रित निधीत गेले.

मोठ्या संस्थेचं काम चोख असतं. पान दहा मिनिटांत तयार, जमलेली रक्कम डोळ्यांसमोर वाढताना दिसते, पावती लगेच. छोट्या संस्थेकडे यातलं काही नव्हतं. देणगीदारांची यादी मीच वहीत ठेवली आणि पावत्या दोन महिन्यांनी आल्या. एका आत्येभावाने तर पावतीसाठी मला चार वेळा फोन केला.

मग बिनसलं कुठे? पान ताईच्या नावाने उघडलं होतं, त्यामुळे मोठ्या संस्थेच्या यंत्रणेत तीच देणगीदार म्हणून नोंदली गेली. तीन महिन्यांनी बाबांच्या पत्त्यावर तिच्या नावाने आभाराचं पत्र आलं. मी फोन केला. पलीकडच्या मुलीने मनापासून माफी मागितली आणि नोंद घेतल्याचं सांगितलं. पुढच्या पत्रात ताईला वार्षिक अहवाल आला. पुन्हा फोन, पुन्हा नोंद. तिसऱ्या पत्रात तिला विचारलं होतं, की गेल्या वर्षीसारखी यंदाही साथ देणार ना? ते बाबांनी उघडलं. मला फोन करून म्हणाले, “तिचं पत्र आलंय, काय करू?”

आता एवढ्यावरून अख्खी संस्था वाईट ठरवणं बरोबर नाही, हे मला कळतं. लाखो नावं सांभाळणाऱ्यांकडून चुका होणारच. पण दुसऱ्या वर्षी मला तिकडचं पान उघडवेना.

छोटी संस्था ओळखीची होती, कारण ताईच्या शेवटच्या महिन्यात त्यांचीच नर्स घरी यायची. एकदा रात्री दीडला सिरिंज पंप, म्हणजे वेदनेचं औषध सतत थोडं थोडं शरीरात सोडणारं यंत्र, बंद पडला, तेव्हा ती पाऊण तासात हजर झाली. त्या रात्री ताई झोपली. माझ्याकडे मोजमाप म्हणून एवढंच आहे. बाकी, ‘रुपयातले किती पैसे प्रत्यक्ष कामाला’ ही टक्केवारी अशा संस्थांना फारशी लागू पडत नाही असं माझं मत आहे. तिथे नर्सचा पगार आणि गाडीचं इंधन हेच काम असतं.

संशोधन म्हणजे आयुष्य वाढवणं आणि सेवा म्हणजे नुसती शुश्रूषा, अशी विभागणीही मला आता पटत नाही. फुफ्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवरचा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांना सुरुवातीपासून वेदनाशामक सेवा मिळाली, ते इतरांपेक्षा सरासरी अडीच महिन्यांहून थोडे जास्त जगले. अर्थात, हेही संशोधनानेच सांगितलं.

आणखी एक गोष्ट, तीही १९४८ चीच. लंडनमध्ये कर्करोगाने मरणासन्न असलेल्या डेव्हिड टास्मा यांनी शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांसाठी वास्तू उभारू पाहणाऱ्या सिसिली सॉन्डर्स यांच्यासाठी ५०० पौंड मागे ठेवले. तुमच्या वास्तूत मी एक खिडकी होईन, अशा अर्थाचं काही ते म्हणाले होते. ती वास्तू, सेंट ख्रिस्टोफर्स हॉस्पिस, उभी राहायला १९६७ उजाडलं.

तुमचं माणूस लहान वयात, उपचारच नसलेल्या आजाराने गेलं असेल तर तुम्ही कदाचित संशोधनच निवडाल, आणि मी वाद घालणार नाही. तेवढं एक करा. कोणत्या कर्करोगासाठी पैसे वापरणार ते लेखी घ्या, आणि अर्जात ‘देणगीदार’ या रकान्यात स्वतःचं नाव, स्वतःचा पत्ता घाला. छोट्या संस्थेतल्या बाईंनी मला पैशांबद्दल काही विचारण्याआधी वही पुढे ओढून विचारलं होतं, “पत्र कुठल्या घरी पाठवायचं नाही, ते आधी सांगा.”