मासिक रिचार्ज सोडून डीडी फ्री डिश: नव्या घरातील अनुभव

भुसावळच्या नव्या घरात राहायला आल्यावर आम्ही जुने सशुल्क डीटीएच बंद करून डीडी फ्री डिश ही दूरदर्शनची विनाशुल्क सेवा बसवली. वडिलांचा आग्रह गच्चीवर पूर्वीसारखा अँटेना उभारण्याचा होता. परंतु दूरदर्शनची ॲनालॉग भूप्रक्षेपण केंद्रे टप्प्याटप्प्याने बहुतेक बंद झाल्यामुळे आमच्याकडे तो मार्ग उरलेला नाही. फ्री डिशचे प्रक्षेपणही उपग्रहावरूनच येते, मात्र २००४ पासून चालू असलेल्या या सेवेला मासिक शुल्क नाही. छत्री आणि सेट-टॉप बॉक्स यांचा खर्च तेवढा एकदाच होतो.

एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे की, बॉक्स कोणता घेतला यापेक्षा छत्री कशी बसवली याला अधिक महत्त्व आहे. फ्री डिशचे प्रक्षेपण करणारा जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर असल्याने खानदेशातून तो आग्नेयेस, क्षितिजापासून सुमारे ५८ अंश उंचीवर येतो. शेजारच्या कडुनिंबाची फांदी त्याच दिशेला असल्यामुळे छत्री जिन्यावरच्या स्लॅबवर न्यावी लागली. जोडणीच्या वेळी पडद्यावर ‘स्ट्रेंथ’ची पट्टी भरलेली होती, तरी चित्र नव्हते, छत्री केसभर फिरवल्यावर ‘क्वालिटी’ची पट्टी चढली आणि सह्याद्री वाहिनी दिसू लागली. बसवणाऱ्याकडून हीच दुसरी पट्टी पाहून घ्यावी, आणि बोल्ट स्लॅबमध्ये पक्के करून घ्यावेत, कारण रावेर-यावलकडे केळीच्या बागा आडव्या करणारा मे-जूनचा वारा छत्रीलाही सोडत नाही. आमची जागची हललेली नाही.

मुसळधार पावसात चित्र गोठते, पण उपग्रहाचे प्रक्षेपण ज्यावरून येते त्या कू बँडच्या (Ku band) लहरी पावसात क्षीण होतातच आणि सशुल्क सेवेतही हेच घडत असे.

उणीव आहे ती वाहिन्यांची. झी मराठी, स्टार प्रवाह येथे नाहीत, त्यामुळे आईच्या मालिका सुटल्या आणि याची मला खरोखर खंत वाटते. खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने दिल्या जात असल्याने आज दिसणारी वाहिनी उद्या राहीलच असे नाही. उलट अशा सामन्यांचे प्रक्षेपण दूरदर्शनलाही देणे बंधनकारक करणाऱ्या २००७ च्या कायद्यामुळे राष्ट्रीय महत्त्वाचे क्रिकेट सामने डीडी स्पोर्ट्सवर विनामूल्य पाहता येतात, आणि वडिलांना तेवढे पुरते. नवा बॉक्स घेणाऱ्यांनी तो एमपेग-४ (चित्र संकुचित करून पाठवण्याची नवी पद्धत) चालवणारा आहे याची खात्री करावी. काही वाहिन्या जुन्या बॉक्सवर उघडतच नाहीत.