शिकण्यासाठी थ्रीडी प्रिंटर : ऑगस्ट ते मे, दहा महिन्यांच्या वापरानंतर

प्रिंटर साधाच, प्लास्टिकची तार वितळवून थरावर थर चढवणारा. बेड (ज्यावर वस्तू छापली जाते तो पाट) २२० बाय २२० मिमी, नोझल (वितळलेली तार बाहेर पडते ते तोंड) ०.४ मिमी. डिझाइनला फ्रीकॅड, स्लायसिंगला, म्हणजे डिझाइनचे थर पाडायला, क्युरा; दोन्ही फुकट. शिकायला एवढं भरपूर आहे. पण प्रिंटरच्या आधी जाडी-व्यास मोजायला डिजिटल वर्निअर घ्या.

सरावाला ठिबकच्या १६ मिमी नळीची क्लिप उत्तम. जळगावकडे नळीचा तुकडा कुठल्याही केळीच्या बागेत मिळेल. स्केचमध्ये भोक बरोबर १६ मिमी काढलं, तर प्रिंटमध्ये ते ०.२-०.३ मिमीने लहान येतं. डिझाइन ज्या एसटीएल फाइलमधून क्युराकडे जातं, तिच्यातला गोल म्हणजे सरळ रेषांची साखळी असते, शिवाय वळणावर गरम प्लास्टिक आत ओढलं जातं. नळी सहज सरकायला १६.४ ठेवावं लागतं. नळीचा व्यास आणि फट हे आकडे फ्रीकॅडच्या स्प्रेडशीटमध्ये वेगळे ठेवा; एक बदलला की सगळी क्लिप बदलते.

क्लिपचा ‘सी’ बेडवर सपाट पडला पाहिजे. पाठीवर ठेवून छापली तर तिचे हात मुळाशी, बरोबर दोन थरांच्या मधे, पहिल्याच ताणाला तुटतात. इनफिल (आतला भराव) वाढवून यात काही फरक पडत नाही.

आता आपल्याकडचा खरा प्रश्न, उन्हाळा. पीएलए, म्हणजे नेहमीच्या तारेचं प्लास्टिक, साधारण ६० अंशांना मऊ पडतं. मे महिन्यात बाहेर ४५ अंश आणि वर पत्रा असला, की हॉटएंडचा (तार वितळवणाऱ्या भागाचा) पंखाही गरम हवाच फेकतो. तार नोझलच्या वरच मऊ होऊन फुगते, एक्स्ट्रूडर (तार पुढे ढकलणारा भाग) टक्-टक् वाजू लागतो आणि प्रिंट अर्ध्यात पोकळ निघते. तार ओढून पाहा, गिअरने एकाच जागी कुरतडल्याची खाच दिसेल. अशा वेळी नोझलचं तापमान वाढवू नका. पंख्यातली धूळ काढा, रिट्रॅक्शन (नोझल जागा बदलताना तार मागे ओढणं) कमी करा आणि छपाई पहाटे लावा. एवढ्याने बहुतेक वेळा भागतं.

शेतात लावायच्या वस्तूला पीएलए नकोच, उन्हात वाकतं. जास्त उष्णता सोसणारं पीईटीजी प्लास्टिक घ्या : नोझल २३५-२४०, बेड ७५-८०. काचेच्या बेडवर ते इतकं घट्ट बसतं, की काढताना काचेचा टवका उडतो. आधी ग्लू स्टिकचा पातळ थर द्या आणि बेड पूर्ण गार झाल्यावरच काढा.

पावसाळ्यात तार ओल धरते. नोझलमधून चटचट आवाज आला, प्रिंटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे आले, तर पीएलएचं रीळ ४५-५० अंशांवर पाच-सहा तास सुकवा आणि सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवा.

लाइट गेल्यावर प्रिंट पुढे सुरू करायची सोय या प्रिंटरमध्ये आहे. पण तोवर बेड गार होऊन वस्तू सुटलेली असते. सहा तासांच्या एका प्रिंटपेक्षा दीड-दीड तासाचे चार भाग करून जोडलेले बरे.