क्रॅपी: कोल्ड फ्रंटच्या आधी की नंतर?

अमेरिकेतल्या केंटकी लेकवर वसंतात क्रॅपी हा गोड्या पाण्यातला मासा धरायचा तर कोल्ड फ्रंट, म्हणजे थंड हवेची आघाडी, येण्याआधीचा दिवस गाठावा. आभाळ भरलेलं, दक्षिणेचा वारा. लाटांबरोबर प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) काठाकडे सरकतं, त्यामागे शॅड नावाचे छोटे मासे, शॅडमागे क्रॅपी. मासा फिरता असतो. जिग (वजनदार गळाचं कृत्रिम आमिष) जरा वेगानं ओढला तरी झेपावतो. बोट आवरताना मात्र नाकी नऊ येतात.

फ्रंट गेला की आकाश निळंशार, वारा उत्तरेचा. दिवस दिसायला सुरेख, पण मासा बुडालेल्या झाडोऱ्यात अंग चोरून बसतो. मग छोटा जिग किंवा जिवंत मिनो (आमिषाचा चिमुकला मासा) त्याच्या किंचित वर, जवळजवळ स्थिर धरायचा. क्रॅपी वर बघून खाते.

सुट्टी एकच असेल तर मी ढगाळ दिवस घेईन. वीज चमकली तर सरळ काठावर.