सोनौलीमार्गे लुंबिनी: यात्रा कंपनीची बस आणि पावती नसलेला ‘बॉर्डर खर्च’

आई-बाबांना घेऊन नागपूरहून निघणाऱ्या धम्मयात्रेला जाऊन आले. बोधगया, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी, श्रावस्ती. कंपनीचं नाव देत नाही, कारण परत आल्यावर ओळखीच्यांकडे चौकशी केली तर बहुतेक यात्रावाले हेच करतात असं कळलं. सांगायचंय ते या पद्धतीबद्दल.

आधी चांगलं. आचारी सोबत होता, सकाळी गरम पोहे, रात्री वरण-भात-पोळी, कुणाचं पोट बिघडलं नाही. बस स्वच्छ. ड्रायव्हर रात्री उशिरा गाडी हाकत नव्हता, ही मोठी गोष्ट. एवढ्यावर मी चार तारे दिले असते. दोनच देतेय, ते सोनौलीमुळे, म्हणजे जिथून आपण नेपाळात लुंबिनीकडे जातो त्या सीमेवरच्या गावामुळे.

कुशीनगर सोडल्यावर व्यवस्थापकाने माइक घेतला आणि माणशी 300 रुपये काढायला सांगितले. म्हणे ‘बॉर्डर खर्च’. बसमध्ये बहुतेक पेन्शनर, शेतमजूर, आणि भिशी लावून यात्रेचे पैसे जमवलेल्या बाया. सगळ्यांनी मुकाट्याने काढून दिले. मी पावती मागितली. “ताई, तिथं पावतीचं काम नसते.”

असते. 1950 च्या करारापासून भारतीय माणसाला नेपाळात जायला व्हिसा लागत नाही आणि पायी सीमा ओलांडायला एक पैसाही पडत नाही. शुल्क पडतं ते गाडीला. भारतीय नंबरच्या गाडीला पलीकडे बेलहियाला भन्सार भरावा लागतो, म्हणजे नेपाळची जकात. तो दिवसांच्या हिशोबाने असतो आणि त्याची रीतसर छापील पावती मिळते. हा गाडीमालकाचा खर्च, तिकिटातच धरलेला असायला हवा. मी हट्टाने ड्रायव्हरकडून ती पावती बघितली. बसभर जमवलेल्या पैशांच्या निम्मीसुद्धा रक्कम तिच्यावर नव्हती.

सीमेवर सशस्त्र सीमा बलाच्या जवानांनी ओळखपत्रं बघितली, बॅगा चाचपल्या आणि सोडलं. पैशाची भाषा नाही, हे मुद्दाम लिहिते. त्रास सुरू होतो तो त्या अरुंद रस्त्यावर घुटमळणाऱ्या दलालांपासून. एकाने आमच्यातल्या सत्तरीच्या आजींचं आधार कार्ड हातात घेतलं, “ये नहीं चलेगा, पाँच सौ दीजिए, पार करा दूँगा” म्हणाला, आणि कार्ड परत देईना. नियम असा आहे की पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, पण 65 च्या वरच्यांना आणि 15 च्या आतल्यांना आधार चालतं. मी तो मोठ्याने सांगितला तेव्हा कार्ड सुटलं. आजी थरथरत होत्या. व्यवस्थापक चार पावलांवर उभा होता, एक शब्द बोलला नाही.

नोटा बदलतानाही तेच. 100 भारतीय रुपयांचे 160 नेपाळी हा ठरलेला दर आहे, रस्त्यावरचा माणूस 150 हातावर ठेवत होता.

पुढे वाटेत एका वर्दीवाल्याने बस थांबवली. मी ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर होते. ड्रायव्हरने कागदांची फाइल काढली, एक नोट चौघडी करून परमिटच्या मागे सरकवली आणि फाइल खिडकीतून खाली दिली. फाइल परत आली, नोट आली नाही. कागद अपुरे होते का, मी विचारलं. “पूर्ण आहेत ताई. पण दोन तास उभं ठेवलं तर लुंबिनीचं मायादेवी मंदिर बंद होईल, मग तुम्हीच ओरडाल.” सगळी मेख इथेच आहे. भन्सार दिवसांवर, मंदिराला वेळ, बसमध्ये म्हातारी माणसं. थांबवणाऱ्याला हे पाठ असतं, आणि कंपनी त्याची रक्कम आधीच आपल्याकडून गोळा करून ठेवते. मग भांडायचं कुणी?

लुंबिनीत अशोकस्तंभासमोर बाबा बराच वेळ हात जोडून उभे होते. राज्याभिषेकाला वीस वर्षं झाल्यावर अशोक स्वतः इथे आला, बुद्ध इथे जन्मले म्हणून त्याने गावाचा कर माफ केला आणि पिकातला राजाचा वाटा आठव्या हिश्श्यावर आणला, असं त्यावर कोरलेलं आहे. भंतेजींनी ते वाचून दाखवलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच गावी जाणाऱ्या गरीब माणसांकडून आपलेच लोक असे पैसे काढतात, याचा मला संताप आहे.

परतताना अंधार पडला होता. गाड्यांची रांग मोठी, म्हणून सगळ्यांना सामानासकट उतरवून चालत भारताच्या बाजूला पाठवलं. दोन्हीकडे ट्रक, मध्ये जेमतेम वाट, पुढे टॉर्च धरायलाही कंपनीचा माणूस नाही. एक काकू गटारीच्या कडेला घसरल्या, घोटा सुजला, श्रावस्ती त्यांनी बसमध्ये बसूनच काढली.

बुकिंग करण्याआधी कंपनीला विचारा: भन्सार तिकिटात धरलाय का, त्याची पावती प्रवाशांना दाखवाल का, सीमा उजेडात ओलांडणार का. उत्तर टाळलं तर गोरखपूरहून उत्तर प्रदेश रोडवेजची बस घ्या, सोनौलीला उतरून सकाळी पायी पलीकडे जा आणि भैरहवाहून नेपाळी नंबरची गाडी करा. लुंबिनी तिथून तासाभरावर आहे, आणि त्या गाडीला भन्सार लागत नाही. नेपाळात कुणी अडवलं तर पर्यटक पोलिसांचा नंबर 1144.