स्वॅप केलेलं टर्बो डिझेल ओढत नाही: आधी पंप उतरवायचा की टर्बो?

जुन्या जीपमध्ये किंवा जिप्सीत दुसऱ्या गाडीचं टर्बो डिझेल बसवलंय. सेल्फ मारला की लगेच सुरू होतं, आयडलला शांत चालतं, पण बोपदेव घाटात दुसरा गिअर सोडू देत नाही. या तक्रारीवर पुण्यात दोन सल्ले हमखास मिळतात. पंपवाला म्हणतो इंजिनाला दाबानं डिझेल देणारा पंप उतरवा, कॅलिब्रेशन (डिझेलचं माप जुळवणं) करून देतो. टर्बोवाला म्हणतो कार्ट्रिज (टर्बोचा आतला फिरता भाग) बदला. दोन्ही कामं महागडी आहेत आणि दोन्ही केल्यावरही गाडी तशीच राहू शकते. हे सगळं मेकॅनिकल पंपाच्या जुन्या इंजिनांबद्दल आहे. कॉमन रेलचं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या नव्या डिझेल इंजिनांचं, निदान वेगळ्या वाटेनं जातं.

माझं मत आधीच सांगतो. स्वॅपच्या गाडीत पहिला संशय जोडकामावर घ्यावा. मूळ गाडीत केबलची लांबी, डिझेल लाइन, हवेच्या नळ्या, सायलेन्सर हे सगळं कारखान्यानं त्या इंजिनाला जुळवलेलं असतं. स्वॅपमध्ये तेच कुणीतरी गॅरेजमध्ये, हाताशी असलेल्या सामानातून जुळवलेलं असतं. म्हणून पंप की टर्बो हा प्रश्न जोडकाम तपासून झाल्यावरच विचारावा.

या तपासणीला फारसा खर्च नाही. एकाला पेडल पूर्ण दाबायला सांगा आणि पंपावरची लिव्हर शेवटच्या स्क्रूला टेकते का ते बघा. टेकत नसेल तर पूर्ण ताकद कधी मागितलीच जात नाहीये. मग डिझेल लाइन. पंपाच्या इनलेटला पारदर्शक नळीचा तुकडा जोडा. बुडबुडे दिसले तर लाइन कुठेतरी हवा घेतेय. टाकी आणि लाइन दोन्ही संशयातून काढायच्या असतील तर डिझेलचा कॅन गरम भागांपासून लांब, पक्का बांधून थेट पंपाला जोडा आणि एक छोटी फेरी मारा. गाडी ओढायला लागली तर दोष पंपाच्या आधी, टाकीत किंवा लाइनमध्ये आहे. व्हीई रोटरी पंपात (एकाच फिरत्या प्लंजरनं सगळ्या सिलिंडरना डिझेल वाटणाऱ्या पंपात) आणखी एक घोटाळा होतो. रिटर्नच्या, म्हणजे उरलेलं डिझेल टाकीकडे परत नेणाऱ्या नळीच्या, बँजो बोल्टला (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टला) आत बारीक भोक असतं आणि डोक्यावर बहुधा ‘आउट’ कोरलेलं असतं. इनलेटचा आणि हा बोल्ट दिसायला सारखेच. अदलाबदल झाली की पंपाला डिझेल पुरत नाही, आतला दाब बिघडतो आणि त्या दाबावर चालणारा टायमिंगचा अ‍ॅडव्हान्सही (डिझेल वेळेआधी फवारणं) नीट मिळत नाही. इंजिन सुरू होतं, पण लोडला मान टाकतं.

हवेच्या बाजूला फिल्टर ते टर्बो ही नळी हातानं दाबून बघा. तिथे पाण्याची मऊ होज लावलेली असेल तर जोरात पेडल मारल्यावर ती आत ओढली जाऊन चपटी होते. टर्बो ते मॅनिफोल्ड (सिलिंडरना हवा वाटणारा पाइप) यांच्यामधल्या प्रत्येक क्लॅम्पपाशी तेलकट काजळी दिसते का पाहा, बूस्ट, म्हणजे टर्बोनं दाबलेली हवा, तिथूनच निसटतो. आणि टर्बोमागचा पाइप जुन्या नॉन-टर्बो सायलेन्सरला जोडलेला असेल तर इंजिनाचा श्वास तिथेच अडतो.

एवढं ठीक निघालं तरच पुढे. आता पंपाला बूस्ट पोचवणाऱ्या नळीत टी (तीन तोंडांचा जोड) टाकून बूस्ट गेज लावा आणि चांदणी चौकाच्या चढावर किंवा दिवे घाटात, रस्ता मोकळा असताना, तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण पेडल द्या. जुन्या वेस्टगेटवाल्या (जादा बूस्ट रोखणारी झडप असलेल्या) इंजिनांत साधारण 0.6 ते 0.9 बार दिसतो. नेमका आकडा आपल्या इंजिनाच्या मॅन्युअलचा धरावा. त्याच वेळी दुसऱ्याला मागून धुरावर लक्ष ठेवायला सांगा.

बूस्ट कमी आला की लोक थेट टर्बोला दोषी ठरवतात. इथेच पैसे वाया जातात. टर्बो फिरतो एक्झॉस्टच्या उष्णतेवर आणि प्रवाहावर. डिझेलच कमी जळत असेल तर चांगला टर्बोही बूस्ट देऊ शकत नाही. म्हणून बूस्ट कमी आणि धूरही नाही, तर शोध डिझेलच्या बाजूला: पंप, फिल्टर, लाइन. बूस्ट कमी आणि काळा धूर भरपूर, तर डिझेल पोचतंय पण हवा पोचत नाही: गळती, सायलेन्सर, वेस्टगेट किंवा खरोखर टर्बो. बूस्ट पुरेसा, धूर नाही आणि दमही नाही, तर पंपाला बूस्ट आल्याचं कळत नाहीये. टर्बो इंजिनाच्या व्हीई पंपावर डायफ्रॅमचा डबा असतो, मॅनिफोल्डची बारीक नळी त्याला जाते आणि बूस्टबरोबर डिझेल वाढतं. नळी सुटलेली असेल, डायफ्रॅम फाटलेला असेल, किंवा स्वॅप करताना नॉन-टर्बो इंजिनाचाच पंप बसवला असेल, तर जादा डिझेल मिळणारच नाही. बूस्ट पुरेसा आणि तरी काळा धूर, तर आधी नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) आणि टायमिंग बघा.

उंचीची सबब मात्र देऊ नये. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटरवर आहे, हवेचा दाब साधारण 6 टक्के कमी. टर्बो गाडीला एवढ्यानं घाटात धाप लागत नाही.

दोन्ही कामं समोरासमोर ठेवली तर मी पंप-नोझलला झुकतं माप देतो. कारण एकच: बेंचवर, म्हणजे पंप काढून तपासायच्या यंत्रावर, आकडे मिळतात. काम करण्याआधीचं आणि नंतरचं रीडिंग लेखी मागा, चारही नोझल सोबत द्या, उघडण्याचा दाब सगळ्यांचा सारखा आला पाहिजे. पंपवाल्याला गाडीचं नाव सांगून उपयोग नाही. इंजिन कुठलं आणि पंपाच्या पट्टीवरचा नंबर कुठला ते सांगा, कारण कॅलिब्रेशन त्यावरूनच होतं. आणि कुणी सीलबंद फुल-लोड स्क्रू (पंपाचं कमाल डिझेल ठरवणारा) पिळून ‘पिकअप वाढवून देतो’ म्हटलं तर नको म्हणा. हवा न वाढवता डिझेल वाढवलं की धूर वाढतो, एक्झॉस्टचं तापमान चढतं आणि लांबच्या घाटात पिस्टन वितळू शकतो.

टर्बोची निम्मी तपासणी तर फुकट होते. इंजिन थंड असताना इनलेटची होज काढा आणि शाफ्ट बोटानं हलवा. आडवा किंचित खेळ चालतो, तो तेलाच्या थरासाठीच ठेवलेला असतो. पुढे-मागे खेळ जाणवला किंवा पाती हाउसिंगला घासल्याच्या खुणा दिसल्या, तर ओव्हरहॉल टळत नाही. पण त्याआधी तेलाचा परतीचा पाइप बघा. स्वॅपमध्ये तो वाकडा नेलेला किंवा संपमधल्या (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यातल्या) तेलाच्या पातळीखाली जोडलेला आढळतो. मग तेल साचून सीलमधून बाहेर पडतं, निळा धूर येतो. पाइप न सुधारता नवी कार्ट्रिज टाकली तर ती निळा धूर पुन्हा दाखवेल. टर्बो मोठ्या इंजिनाचा असेल तर तो बिघडलेला नसूनही वरच्या आरपीएमला उशिरा जागा होतो. तिथे ओव्हरहॉलचा उपयोग शून्य.

इंजिन बदलायचा विचार कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते) मोजल्यावरच करा. ऑइल फिलर उघडल्यावर फुसफुस जोरात येत असेल आणि एखाद्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन बाकीच्यांपेक्षा बरंच खाली असेल, तर पंप आणि टर्बो दोन्हींवरचा खर्च थांबवा. बदलताना इंजिन नंबर आरसीवर चढला पाहिजे. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 गाडीतल्या फेरफारांवर बंधन घालतं, म्हणून इंजिन विकत घेण्याआधी संगम पुलाजवळच्या आरटीओत किंवा गाडी जिथे नोंदलीय तिथे विचारून घ्या.

चाकांचंही बघा. 28 इंचांची टायर काढून 31 इंचांची घातली असतील तर चाकाशी पोचणारा जोर सुमारे 10 टक्के घटतो, इंजिन कितीही निरोगी असलं तरी. अशा गाडीला क्राउन-पिनियनचा (डिफरन्शियलमधल्या मुख्य गिअरजोडीचा) रेशो बदलावा लागतो किंवा जुनी टायर परत घालावी लागतात.